आगबोटीच्या वाटेवरची तिजारत : अमेरिकेतील काळ्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची हकीकत

व्यापाराला भांडवल लागते असे आपण नेहमी म्हणतो. पण भांडवलाबरोबर आणखी दोन गोष्टी लागतात आणि त्यांचा हिशेब आपण सहसा ठेवत नाही. एक कायद्याचा आधार आणि दुसरी बाजारातली पत. गिऱ्हाईक पैसे बुडवू लागले तर कोर्टात जाता येईल, दुकानाला आग लागली तर विमा मिळेल, हे मनात धरूनच आपण उधारीवर माल देतो आणि गोदामे भरतो. ज्या माणसाला कोर्टात साक्षच देता येत नाही, ज्याच्या कारखान्याचा विमा कोणी उतरवत नाही आणि ज्याला उद्या कोणी धरून बाजारात विकूही शकतो, त्याने धंदा करायचा तरी कसा?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील काही काळ्या लोकांसमोर हाच प्रश्न होता. त्यांतील पुष्कळ जण जन्माने गुलाम होते. त्यांनी ओहायो आणि मिसिसिपी या दोन मोठ्या नद्यांवर चालणाऱ्या आगबोटींच्या आधाराने धंदे उभे केले आणि त्यांतले काही चांगले श्रीमंत झाले. त्यांनी हे कसे केले, कुठे ते टिकले आणि कुठे फसले, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

आगबोटीने बाजार कसा बदलला

१८११ च्या ऑक्टोबरमध्ये 'न्यू ऑर्लिन्स' नावाची आगबोट पिट्सबर्ग शहरातून निघाली आणि ओहायो व मिसिसिपी नद्यांतून १८१२ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्स बंदराला पोहोचली. या नद्यांवरची ती पहिली आगबोट. त्यापूर्वी माल खाली नेणे सोपे होते, कारण प्रवाहच होड्या ओढून नेई. वर येणे मात्र फार कठीण होते. खलाशांनी लांब काठ्या रेटत आणि काठावरून दोर ओढत होडी वर आणायची, त्यात तीन-चार महिने सहज जात. पुष्कळ लोक तर खाली गेल्यावर होडी मोडून तिचे लाकूड विकत आणि घरी पायी परतत.

आगबोटीने हे सारे बदलले. १८५० नंतर चांगल्या आगबोटी न्यू ऑर्लिन्सहून लुईव्हिलपर्यंतचा उलटा प्रवास आठवड्याच्या आत करू लागल्या. माल वर-खाली दोन्हीकडे फिरू लागला. सिनसिनाटी, लुईव्हिल, सेंट लुई, मेम्फिस, नॅचेझ ही काठावरची गावे मोठ्या पेठा बनली. खालून साखर, काकवी, कॉफी आणि कापूस येई, वरून पीठ, खारवलेले मांस, लोखंडी सामान आणि लाकडी फर्निचर जाई.

आता बोट म्हणजे एक चालते गावच. तिला जळाऊ लाकूड किंवा कोळसा लागतो. शेकडो उतारूंना तीन वेळा जेवण लागते. कपडे धुवायचे, दाढ्या करायच्या, खोल्या झाडायच्या, माल चढवायचा-उतरवायचा. बोटीचा मालक गोरा, कप्तान गोरा, सुकाणू धरणारा पायलटही गोरा. त्या जागा काळ्या माणसाला सहसा मिळत नसत. बाकीची खालची कामे मात्र मोठ्या प्रमाणात काळ्यांकडे आली. त्यांत गुलामही होते आणि स्वतंत्र झालेलेही. गुलामाला मालक बोटीवर भाड्याने लावी आणि त्याचा पगार स्वतः घेई.

याच बोटींवर माणसांचा बाजार

या धंद्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ज्या बोटींवर काही काळ्या लोकांना चार पैसे मिळाले, त्याच बोटींच्या खालच्या मजल्यावर साखळ्या घातलेले गुलाम दक्षिणेकडच्या कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर विकायला नेले जात. विल्यम वेल्स ब्राऊन नावाचा तरुण गुलाम सेंट लुईत एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे भाड्याने दिला गेला होता. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात पोहोचण्यापूर्वी वयस्कर गुलामांचे पांढरे केस उपटायचे किंवा त्यांना काळा रंग लावायचा, म्हणजे ते तरुण दिसून भाव जास्त येईल, हे काम त्याला करावे लागे. १८३४ च्या १ जानेवारीला सिनसिनाटीच्या धक्क्यावर बोटीतून सामान उतरवता उतरवता तो निसटला. पुढे तो मोठा लेखक आणि गुलामगिरीविरुद्धचा वक्ता झाला. ही सारी हकीकत त्याने १८४७ मध्ये पुस्तकरूपाने छापली.

जे काळे लोक कागदोपत्री स्वतंत्र होते त्यांचीही धास्ती संपली नव्हती. आपण स्वतंत्र आहोत याचा दाखला सतत खिशात ठेवावा लागे. १८४२ मध्ये लुईझियाना राज्याने असा कायदा केला की, बाहेरून बोटीवर काम करीत आलेल्या स्वतंत्र काळ्या माणसाला बंदरात पकडून तुरुंगात ठेवता येईल. ओहायो राज्यात गुलामगिरी नव्हती, तरी तिथे १८०७ च्या कायद्याने नव्याने येणाऱ्या काळ्या माणसाकडून पाचशे डॉलरचा जामीन मागितला जाई, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात त्याची साक्ष चालत नसे. हे कायदे १८४९ मध्ये मोठ्या प्रमाणात रद्द झाले. तोपर्यंत काळ्या दुकानदाराचे पैसे एखाद्या गोऱ्या गिऱ्हाइकाने बुडवले, तर त्याने ते कोर्टात सिद्ध कसे करायचे? म्हणून जास्त उधारी न देणे आणि शब्दाला पक्के गिऱ्हाईक सांभाळणे हा त्याचा नियमच झाला असणार.

न्हाव्याची खुर्ची

बोटीवरच्या कामांत सर्वांत फायद्याचे काम न्हाव्याचे होते. न्हावी हा बोटीचा नोकर नसे. बोटीवरची एक छोटी खोली तो मालकाकडून भाड्याने घेई, सामान स्वतःचे आणि कमाईही स्वतःची. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर चहाचा ठेका घेतात तशातला हा प्रकार. गिऱ्हाईक कुठे पळून जाणार नाही, कारण बोट चालू असते. पैसे रोख मिळतात, त्यामुळे कोर्टकचेरीचा प्रश्न येत नाही. शिवाय खुर्चीवर बसणारे लोक म्हणजे कापसाचे मळेवाले, दलाल, वकील, बँकवाले. कापसाचा भाव काय चालला आहे, कुठल्या गावात जमिनी चढणार आहेत, कोणाचे दिवाळे निघण्याच्या बेतात आहे, हे सगळे दाढी करता करता कानावर पडे.

सेंट लुईचा जेम्स थॉमस हे याचे मोठे उदाहरण. त्याचा जन्म १८२७ साली नॅशव्हिल शहरात गुलाम म्हणून झाला. आई सॅली धोब्याचे काम करून पैसे साठवीत असे आणि त्याच पैशातून तिने मुलाच्या सुटकेचा मार्ग काढला. १८५१ मध्ये त्याचे स्वातंत्र्य कोर्टात पक्के झाले. तो न्हाव्याचा धंदा शिकला, नॅशव्हिलमध्ये स्वतःचे दुकान चालवले, नंतर सेंट लुईला आला आणि आगबोटीवर न्हावी म्हणून काम करू लागला. जमलेला पैसा त्याने घरांत आणि जमिनीत घातला. १८६८ मध्ये त्याचे लग्न एका श्रीमंत काळ्या घराण्यात झाले आणि त्याची गणना शहरातील मोठ्या मालमत्तेच्या लोकांत होऊ लागली. उतारवयात मात्र त्यातले बरेच हातचे गेले आणि १९१३ मध्ये त्याचे निधन झाले. जमीन-जुमल्यावर सगळा भार टाकला की भाव पडल्यावर काय होते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

सेंट लुईतच सिप्रियन क्लॅमॉर्गन नावाच्या न्हाव्याने १८५८ साली शहरातील श्रीमंत काळ्या कुटुंबांवर एक पुस्तक लिहिले. कोणाकडे किती मालमत्ता आहे, हे त्यात नावानिशी आहे. ते वाचले की दिसते, त्यांतल्या कित्येकांचा पैसा न्हाव्याच्या खुर्चीतून किंवा आगबोटीवरच्या नोकरीतून आलेला होता.

स्वयंपाकघरातून किराण्याच्या पेढीपर्यंत

न्हाव्यानंतर महत्त्वाची जागा स्टुअर्डची. स्टुअर्ड म्हणजे बोटीवरच्या खाण्यापिण्याचा कारभारी. आचारी आणि वाढपी त्याच्या हाताखाली असत आणि प्रत्येक बंदरात भाजी, पीठ, साखर, फळे यांची खरेदी तोच करी. म्हणजे पगार बोटीचा, पण शिक्षण घाऊक व्यापाऱ्याचे. कोणत्या गावात कोणता माल स्वस्त, कोणता व्यापारी वजनात मारतो, कोणता माल किती दिवस टिकतो, ही विद्या त्याला मालकाच्या खर्चाने मिळे.

सॅम्युअल विल्कॉक्स हा असाच एक स्टुअर्ड. काही वर्षे बोटीवर काढून त्याने पैसा जमवला आणि १८५० मध्ये सिनसिनाटीत मोठे किराणा दुकान काढले. उत्तम प्रतीचा किराणा आणि सुकी फळे ही त्याची खासियत होती. आगबोटींना काय आणि कोणत्या प्रतीचे लागते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार! त्याचे व्यवहार बोस्टन, न्यू यॉर्क आणि न्यू ऑर्लिन्सच्या पेढ्यांशी चालत आणि वर्षाची उलाढाल १,४०,००० डॉलरपर्यंत गेल्याची नोंद आहे. त्या काळी साध्या मजुराला दिवसाला साधारण एक डॉलर मिळे, त्यावरून या आकड्याचा अंदाज यावा.

कोळशाच्या वखारीची लढाई

आता रॉबर्ट गॉर्डनची हकीकत. माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी हीच आहे.

गॉर्डन व्हर्जिनियातील रिचमंड शहरात गुलाम होता. त्याच्या मालकाची कोळशाची वखार होती आणि ती मालकाने गॉर्डनच्या ताब्यात दिली होती. कारभार इतका चोख होता की मालकाने खूश होऊन त्याला सांगितले, कोळसा हलवताना जो बारीक चुरा पडतो तो तू घे. दुसऱ्या कोणाला तो कचरा वाटला असता. गॉर्डनने तो गोळा करून लोहारांना आणि कारखानदारांना विकायला सुरुवात केली. असे करत करत काही हजार डॉलर जमले. १८४६ साली त्याने स्वतःची किंमत मालकाला मोजून स्वातंत्र्य विकत घेतले आणि उत्तरेकडची वाट धरली. दोन-तीन ठिकाणे पाहून तो सिनसिनाटीला आला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे १५,००० डॉलर होते.

जो धंदा येतो तोच करायचा, म्हणून त्याने कोळशाची वखार टाकली. ओहायो नदीतून कोळशाने भरलेल्या सपाट होड्या येत. गॉर्डनने नदीवर स्वतःचे धक्के बांधले, गाड्या ठेवल्या, हिशेबाला कारकून ठेवले आणि दलालाला मधे न घेता कोळसा होडीच्या हिशेबाने घेऊ लागला.

शहरातील गोऱ्या कोळसेवाल्यांना हे सहन झाले नाही. त्यांनी एकजूट करून भाव पाडला. तोट्यात विकू, पण याला उठवू, असा बेत. बाजारात नवीन माणूस आला की जुने लोक भाव पाडतात, हे आपल्या कापड बाजारातही नवे नाही. अशा वेळी नवखा व्यापारी घाबरून स्वतःही भाव पाडतो आणि दोन-तीन महिन्यांत भांडवल खाऊन बसतो. गॉर्डनने तसे केले नाही. त्याने आपल्या ओळखीची काही उजळ रंगाची माणसे धरली. ती पाहणाऱ्याला गोरीच वाटत. त्यांना त्याने त्या प्रतिस्पर्ध्यांच्याच वखारींवर गिऱ्हाईक म्हणून पाठवले आणि पडत्या भावात तिथला कोळसा उचलून आपल्या ऑर्डरी त्यातून भागवल्या. स्वतःच्या वखारीतला कोळसा त्याने हलवलाही नाही. भाव पाडणारे खूश होते की आपला माल चालला आहे. प्रत्यक्षात ते आपल्याच खर्चाने गॉर्डनची गिऱ्हाइके सांभाळत होते.

त्यानंतर थंडी आली आणि ती अशी आली की नदी गोठली. कोळशाच्या होड्या बंद झाल्या. शहरात कोळशाची मागणी वाढली आणि भाव चढला. इतरांच्या वखारी रिकाम्या होत आल्या होत्या, गॉर्डनची भरलेली होती. त्या हंगामात त्याने चांगला नफा केला आणि पुढे कोणी त्याच्याशी भाव पाडण्याचा खेळ केला नाही. १८६५ मध्ये त्याने धंद्यातून निवृत्ती घेतली. यादवी युद्धाच्या काळात त्याने सरकारी रोखे घेऊन ठेवले होते. युद्धानंतर ते विकून त्याने शहरात जमिनी आणि घरे घेतली.

या गोष्टीत तीन बाबी ध्यानात घ्याव्यात. पहिली, त्याला आपल्या मालाचा आणि नदीचा हंगाम माहीत होता. दुसरी, त्याच्याकडे रोख पैसा होता. उधारीवर धंदा करणाऱ्याला माल दाबून ठेवता येत नाही, कारण व्याज त्याला झोपू देत नाही. तिसरी, त्याची माणसे भरवशाची होती. एकानेही तोंड उघडले असते तर बेत फसला असता.

पलंगावर कोरलेले नाव

कारागिरांसाठी हेन्री बॉइडची हकीकत अधिक जवळची आहे. त्याचा जन्म १८०२ साली केंटकी राज्यात गुलाम म्हणून झाला. सुतारकाम तो शिकला होता. कनावा नदीकाठच्या मिठाच्या भट्ट्यांवर जादा काम करून त्याने स्वतःची सुटका विकत घेतली आणि १८२६ मध्ये सिनसिनाटी गाठली. हातात हुनर होते, पण काळा सुतार म्हणून कोणी काम देईना. एका इंग्रज मालकाने ठेवून घेतले, तेव्हा बाकीचे कामगार अवजारे टाकून निघून गेले. मग त्याने नदीच्या धक्क्यावर लोखंड उतरवण्याची हमाली धरली. पुढे एका दुकानात झाडलोटीचे काम मिळाले. एके दिवशी त्या दुकानाचा सुतार दारू पिऊन आला, तेव्हा लाकडी काउंटर बनवण्याचे काम बॉइडने करून दाखवले. ते काम पाहून मालकाने त्याला आणखी कामे मिळवून दिली आणि तिथून त्याची गाडी चालू लागली.

त्याने पलंगाची एक नवी रीत काढली. बाजूच्या लाकडी पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना उलट-सुलट आटे पाडून त्या पलंगाच्या पायांत फिरवून बसवायच्या. पलंग घट्ट बसे, करकरत नसे आणि उतरवून बोटीवर चढवायलाही सोपा. १८३३ मध्ये या रीतीचे पेटंट निघाले, पण ते जॉर्ज पोर्टर नावाच्या एका गोऱ्या कारागिराच्या नावावर. हुनर बॉइडचे आणि कागद दुसऱ्याचा.

मग बॉइडने आपला हक्क राखण्यासाठी दुसरा उपाय केला. कारखान्यातून निघणाऱ्या पलंगांच्या चौकटीवर तो स्वतःच्या नावाचा ठसा मारू लागला. नक्कल करणारे होतेच, पण गिऱ्हाईक ठसा पाहून घेऊ लागले. त्याचे पलंग आगबोटींनी दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे जात आणि हॉटेलवाले ते मुद्दाम मागवीत. वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या त्याच्या कारखान्यात २५ ते ५० माणसे कामाला असत, त्यांत काळे आणि गोरे दोन्ही. आपल्या भावाला आणि बहिणीलाही त्याने गुलामगिरीतून विकत घेऊन सोडवले.

शेवट मात्र दुःखाचा आहे. कारखान्याला एकापेक्षा अधिक वेळा आगी लागल्या. दर वेळी त्याने तो पुन्हा उभा केला. अखेर विमा कंपन्यांनी त्याचा विमा उतरवणेच बंद केले आणि १८६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कारखाना बंद झाला. बॉइड १८८६ पर्यंत जगला. आज त्याच्या ठशाचे पलंग अमेरिकेत जुन्या वस्तू म्हणून जपले जातात.

या शहरात काळ्या वस्तीवर १८२९ आणि १८४१ मध्ये मोठे दंगे झाले. १८२९ नंतर एक हजाराहून अधिक काळे लोक शहर सोडून गेले, त्यांतले काही थेट कॅनडाला. १८४१ मध्ये तर जमावाने वस्तीसमोर तोफ आणून डागली. अशा गावात कारखाना पुन्हा पुन्हा उभा करायचा म्हणजे केवढे धाडस, याचा विचार करावा.

पिंपे, आगबोट आणि माणसांची सुटका

नदीवरचा बहुतेक माल पिंपांतून जाई. पीठ, साखर, काकवी, मांस, सगळे पिंपांत. म्हणून पिंपे बनवणाऱ्या कारागिराला कामाचा तोटा नसे. जॉन बेरी मीचम याने हेच काम धरले. तो १७८९ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मला, कमाई करून स्वतःला आणि नंतर वडिलांना सोडवले. बायकोच्या मालकाने तिला सेंट लुईला नेले, म्हणून १८१५ मध्ये तोही तिथे गेला. खिशात तीन डॉलर होते. सुतारकाम आणि पिंपे बनवणे यांवर त्याने बस्तान बसवले. पुढे तो धर्मोपदेशक झाला. १८३५ मध्ये त्याने एक आगबोट तयार केली. तिच्यावर दारूला बंदी होती आणि उतारूंसाठी पुस्तके ठेवलेली होती.

मीचमची वेगळी रीत अशी की तो बाजारातून गुलाम विकत घेई, त्यांना पिंपे बनवण्याचे काम शिकवी आणि त्यांच्या कामातून आपली रक्कम वसूल झाली की त्यांना स्वतंत्र करी. अशा सुमारे वीस जणांना त्याने सोडवले. त्याच्यावर टीकाही झाली, कारण तेवढा काळ तरी तो कागदोपत्री गुलामांचा मालकच होता. त्याचे म्हणणे असे की, हातात धंदा नसलेल्या माणसाला नुसते सोडून दिले तर तो जगणार कसा? १८४७ मध्ये मिसुरी राज्याने काळ्यांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर बंदी घातली. तेव्हा मीचमने मिसिसिपीच्या पात्रात आगबोट उभी करून तिच्यावर शाळा चालवली, कारण नदी राज्याच्या नव्हे तर केंद्राच्या अखत्यारीत होती, असे सेंट लुईत पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. १८५४ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

स्वतःची आगबोट आणि अजाण वारस

वरची बहुतेक माणसे बोटीभोवती धंदा करणारी होती. स्वतःची आगबोट पाण्यात उतरवणारा आणखी एक जण दूर पश्चिमेला, कॅलिफोर्नियात होऊन गेला. विल्यम लीड्सडॉर्फ याचा जन्म १८१० साली वेस्ट इंडिजमधील सेंट क्रॉय बेटावर झाला. वडील डॅनिश, आईच्या अंगात आफ्रिकी रक्त. न्यू ऑर्लिन्समध्ये जहाजावर कप्तान म्हणून काम करून तो १८४१ मध्ये आजच्या सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. तेव्हा ते मेक्सिकोच्या ताब्यातले छोटे गाव होते आणि मेक्सिकोत गुलामगिरी बंद झालेली होती. १८४४ मध्ये तो तिथला नागरिक झाला आणि त्याला अमेरिकन नदीकाठी सुमारे ३५,००० एकर जमीन मिळाली. त्याने वखार बांधली, हॉटेल काढले.

१८४७ मध्ये त्याने रशियन कंपनीकडून 'सिटका' नावाची अवघी ३७ फुटांची आगबोट घेतली. त्या खाडीतली ती पहिली. नदीतून वर जायला तिला सहा दिवस लागले आणि परतीच्या वाटेवर बैलगाडीने तिला मागे टाकले, असे सांगतात. पुढे वादळात ती बुडाली. बोटीने नफा दिला नाही, पण जमिनीने भाग्य उघडायचे होते. १८४८ च्या जानेवारीत त्याच नदीच्या वरच्या अंगाला सोने सापडले. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात लीड्सडॉर्फ वारला. त्याच्या आईला त्या जमिनीची खरी किंमत माहीत नव्हती. एका अमेरिकन कप्तानाने तिच्याकडून वारसा हक्क ७५,००० डॉलरला विकत घेतला आणि त्या मालमत्तेची किंमत पुढे दहा लाख डॉलरच्या वर गेली. कमावणाऱ्याने आपला हिशेब घरच्यांना समजावून ठेवला नाही तर काय होते, त्याचे हे उदाहरण.

मुंबईपर्यंत आलेली लाट

या नद्यांवरून जाणारा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना जाई. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि न्यू ऑर्लिन्सचा कापूस बंद झाला. मग इंग्लंडचे व्यापारी मुंबईकडे वळले. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाचे भाव गगनाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मोठमोठ्या पेढ्या बसल्या. मिसिसिपीच्या काठी कापसाचे गठ्ठे उचलणारा गुलाम आणि मुंबईच्या कापूस बाजारातला दलाल एकाच धाग्याने बांधलेले होते. त्याच १८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी घटनेने बंद झाली.

यातून घ्यायचे ते

या माणसांना कोणी संधी दिली नव्हती. मोठ्या जागा बंद होत्या म्हणून त्यांनी लहान जागा पकडल्या आणि त्या जागेवरून सगळा बाजार वाचला. हिशेब मांडला तर चार गोष्टी दिसतात.

१) त्यांनी येणारा धंदाच वाढवला. कोळसेवाल्याने कोळसा, सुताराने लाकूड आणि स्टुअर्डने किराणा धरला. नोकरी करत असतानाच त्यांनी पुढच्या धंद्याची माहिती जमवली.

२) ज्यांच्याजवळ रोख होती ते वाईट हंगामात तरले. उधारीवर फुगवलेला धंदा पहिल्याच भाव-पडीत कोसळतो.

३) आपल्या मालावर आपले नाव. कागद दुसऱ्याच्या नावावर गेला तरी बॉइडचा ठसा बाजाराने मानला. आपल्यातील किती विणकर, शिलाईवाले, चामड्याचे आणि जरीचे कारागीर आज उत्तम माल बनवतात, आणि त्यावर चिठ्ठी मात्र दुसऱ्याची लागते? निदान आज ट्रेडमार्कची नोंदणी करता येते. ती करून घ्यावी.

४) हुनर शिकवले तरच माणूस मोकळा होतो. मीचमने सुटकेबरोबर धंदा दिला. आपल्या दुकानात राबणाऱ्या पोरांना आपण काय देतो, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्याशी विचारावा.

आणि एक गोष्ट विसरू नये. बॉइड मेहनतीत किंवा हुशारीत कमी पडला नाही. त्याला विमा मिळाला नाही म्हणून त्याचा कारखाना बंद झाला. व्यापाऱ्याची मेहनत ही त्याची स्वतःची असते, पण कायदा, विमा आणि शांतता या गोष्टी एकट्याने मिळत नाहीत. त्या समाजाने मिळून मागाव्या लागतात आणि मिळाल्यावर सांभाळाव्या लागतात. ज्यांना या गोष्टी मिळाल्या नाहीत त्यांनी एवढे केले. आपल्याला तर त्या कायद्याने मिळालेल्या आहेत. तेव्हा परवाने, करनोंदणी, विमा आणि हिशेबाची वही यांत आळस करणे आपल्याला परवडणारे नाही.